डबल्सवाला टोनी

बॅडमिंटनचा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेली नावं येतात. मागच्या पिढीतला कुणी असेल तर नंदू नाटेकर, मग प्रकाश पदुकोण, मग गोपीचंद, सायना, सिंधू. सगळे सिंगल्सवाले. सात्त्विक आणि चिराग गाजायला लागेपर्यंत डबल्सच्या एखाद्या खेळाडूचं नाव सांगा म्हटलं असतं, तर बरेच जण गडबडले असते. (ज्वाला-अश्विनी आठवल्या असत्या कदाचित, पण त्याही जरा वेळाने.)

गंमत म्हणजे आपल्यापैकी बहुतेक लोक आयुष्यभर डबल्सच खेळतात. सोसायटीच्या हॉलमध्ये एक कोर्ट आणि बाहेर बसलेले आठ जण असले की सिंगल्स खेळणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते तुम्हाला माहीत असेल. पण टीव्हीवर बघताना आपण सिंगल्स बघतो आणि आठवणीत ठेवतो तेही सिंगल्सच. एकट्याची गोष्ट सांगायला सोपी असते. जोडीची गोष्ट सांगायची तर श्रेय कुणाला किती द्यायचं हा प्रश्न पहिल्या वाक्यापासून आडवा येतो.

हा प्रश्न ज्याच्या कारकिर्दीकडे पाहून खरोखर नीट विचारता येतो असा एक माणूस आहे. टोनी गुनावान.

टोनीचा जन्म १९७५ सालचा, इंडोनेशियातल्या सुराबाया शहरातला. घर चिनी वंशाचं. गुनावान म्हणजे आपलं गुणवान बरं का. इंडोनेशियन भाषेत संस्कृत नावं भरपूर, आणि सुहार्तोंच्या राजवटीत चिनी वंशाच्या अनेक कुटुंबांनी अशी इंडोनेशियन नावं घेतली. टोनीचा सर्वात प्रसिद्ध जोडीदार चंद्रा विजया, म्हणजे चंद्र आणि विजय! तोही १९७५ चाच आणि तोही चिनी वंशाचाच. स्कोअरबोर्डवर ही दोन नावं शेजारी शेजारी दिसली की आपल्या शेजारच्या आळीतले वाटतात.

टोनी ज्या देशात मोठा झाला तिथे डबल्सला दुय्यम समजायची पद्धत नव्हती. चुन चुन आणि योहान वाह्युदी या जोडीने १९७४ ते १९८० या सात वर्षांत सहा वेळा ऑल इंग्लंड जिंकली होती. क्रिस्तियान हादिनाताने १९८० साली जकार्तातल्या जागतिक स्पर्धेत पुरुष दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशी दोन्ही सुवर्णपदकं घेतली होती. हाच क्रिस्तियान १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये इचुक सुगियार्तोला घेऊन खेळला आणि सुवर्ण जिंकला. त्याच स्पर्धेत आपल्या प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांना ब्राँझ मिळालं होतं. मराठी माणसाने डबल्समध्ये मिळवलेलं एवढं मोठं पदक, आणि आज किती जणांना ते आठवतं? असो.

क्रिस्तियान पुढे राष्ट्रीय संघाचा डबल्सचा प्रशिक्षक झाला. जकार्तातल्या चिपायुंगच्या प्रशिक्षण केंद्रात देशभरातून निवडलेली मुलं एकत्र राहायची, एकत्र सराव करायची. इथली एक गोष्ट महत्त्वाची आहे. जोडी कुणाची कुणाशी लावायची हे प्रशिक्षक ठरवायचे. म्हणजे जवळजवळ ठरवून केलेलं लग्न. आणि ते मोडायचं कधी तेही वडीलधाऱ्यांनीच ठरवायचं.

चंद्रा विजयाचा मूळ जोडीदार टोनी नव्हता. तो सिगित बुदियार्तो होता. चंद्रा आणि सिगित १९९७ साली ग्लासगोला विश्वविजेते झाले होते. पण १९९८ साली सिगित उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत सापडला आणि त्याच्यावर एक वर्षाची बंदी आली. विश्वविजेत्या जोडीतला अर्धा भाग गेला. मग चंद्राच्या शेजारी उभा राहिला टोनी.

ते वर्ष इंडोनेशियासाठी साधं नव्हतं. मे १९९८ मध्ये जकार्तात आणि इतर शहरांत दंगली झाल्या, चिनी वंशाच्या लोकांची दुकानं-घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. २१ मेला सुहार्तो पायउतार झाले. आणि त्याच महिन्यात हाँगकाँगमध्ये इंडोनेशियाच्या संघाने थॉमस कप जिंकला. त्या देशाच्या बॅडमिंटनच्या यशात चिनी वंशाच्या खेळाडूंचा वाटा किती मोठा आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला या दोन बातम्या एकाच महिन्यातल्या आहेत हे वाचताना कसंतरीच होतं.

टोनी आणि चंद्राचं जमलं. १९९९ मध्ये त्यांनी ऑल इंग्लंड जिंकली आणि २००० साली ते सिडनी ऑलिंपिकला गेले. चार वर्षांपूर्वी अटलांटामध्ये रेक्सी मैनाकी आणि रिकी सुबाग्जा यांनी याच प्रकारात सुवर्ण जिंकलं होतं, त्यामुळे अपेक्षांचं ओझं होतंच. फायनलला समोर कोरियाचे ली डोंग-सू आणि यू योंग-सुंग. १५-१०, ९-१५, १५-७. सिडनीत इंडोनेशियाला मिळालेलं हे एकमेव सुवर्ण. वीस-एकवीस कोटींचा देश आणि एक सुवर्णपदक, तेही दोघांमध्ये!

आता इथे जरा थांबून जुन्या पद्धतीचा स्कोअर समजून घ्यायला हवा. नव्या वाचकांना १५-७ वाचून वाटेल, किती झटपट संपलं. तेव्हा पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा. डबल्समध्ये तर एका बाजूचे दोघेही सर्व्हिस गमावेपर्यंत पाळी बदलत नसे. आपल्याकडे जुने लोक अजूनही 'फर्स्ट हँड, सेकंड हँड' म्हणतात ते हेच. त्यामुळे जोडीदाराची सर्व्हिस गेली तरी तुमची शिल्लक असायची. एकाने घालवलेलं दुसरा सांभाळू शकायचा, अगदी नियमानेच. २००६ पासून एकवीसचा प्रत्येक रॅलीला पॉइंट देणारा नियम आला आणि ही सोय गेली. खेळ वेगवान झाला हे खरं, पण त्या जुन्या नियमात जोडीची कल्पना जास्त मुरलेली होती असं मला वाटतं.

सिडनीनंतर चंद्राला त्याचा जुना जोडीदार सिगित परत मिळाला. आणि टोनी? ऑलिंपिक विजेत्याला नवीन जोडीदार, हलीम हरयांतो. एखाद्या सिंगल्सच्या ऑलिंपिक विजेत्याला कुणी सांगेल का, की आता तुझा उजवा हात बदलतोय म्हणून? डबल्सवाल्याला असं सांगता येतं. टोनीने काय केलं, तर हलीमला घेऊन २००१ ची ऑल इंग्लंड जिंकली. आणि त्याच वर्षी सेव्हिलला जागतिक स्पर्धाही जिंकली, किम डोंग-मून आणि हा ते-क्वॉन या कोरियन जोडीला फायनलमध्ये हरवून. ही जोडी १९९९ ची विश्वविजेती होती आणि पुढे २००४ ला अथेन्समध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकणार होती. म्हणजे समोर कुणी लिंबूटिंबू नव्हतं.

टोनी तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. ऑलिंपिक, जागतिक, ऑल इंग्लंड दोनदा. आता पुढची पाच-सात वर्षं राज्य करायचं, असं कुणालाही वाटलं असतं. टोनी मात्र अमेरिकेला गेला. शिकायला आणि शिकवायला. कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीतल्या एका बॅडमिंटन क्लबमध्ये तो कोचिंग करायला लागला.

अमेरिका आणि बॅडमिंटन म्हटलं की घरामागच्या हिरवळीवर, बार्बेक्यूच्या धुरात, वाऱ्याने उडणारं फूल आठवतं. पण हे पूर्ण खरं नाही. डेव्हिड फ्रीमनने १९४९ साली ऑल इंग्लंड जिंकली होती आणि अमेरिकन बायकांनी उबेर कप पहिल्या तिन्ही वेळा, म्हणजे १९५७, १९६० आणि १९६३ ला जिंकला होता. नंतर मात्र सगळं आटलं. १९७७ साली जागतिक स्पर्धा सुरू झाल्यापासून अमेरिकेला तिथे एकही पदक नव्हतं. खेळ जिवंत होता तो मुख्यतः आशियातून आलेल्या लोकांच्या क्लबांमधून.

त्यातलाच एक हॉवर्ड बाख. जन्म १९७९, व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीतला. लहानपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला आणि सॅन फ्रान्सिस्कोत वाढला. अमेरिकेतला चांगला खेळाडू, पण जगाच्या नकाशावर त्याचं नाव कुणी शोधलं नसतं. टोनी आणि हॉवर्ड एकत्र खेळायला लागले.

इथे नियमांची एक भानगड होती. जागतिक स्पर्धेत अमेरिकेकडून खेळायला तिथलं नागरिकत्व असण्याची गरज नव्हती. ऑलिंपिकला मात्र नागरिकत्व लागतंच. त्यामुळे २००४ साली अथेन्सला हॉवर्ड गेला तो केव्हिन हानबरोबर. गेल्या ऑलिंपिकचा सुवर्ण विजेता, वय एकोणतीस, खेळ भरात, आणि तो घरी. इंडोनेशियाकडून खेळणं त्याने सोडलं होतं आणि अमेरिकेचा तो अजून झाला नव्हता.

मग आलं २००५. जागतिक स्पर्धा त्या वर्षी ऑगस्टमध्ये अनाहाइमला भरली. डिस्नेलँडवालं अनाहाइम. ऑरेंज काउंटीतच, म्हणजे टोनीच्या रोजच्या कोचिंगच्या वाटेवर म्हणायला हरकत नाही. आणि तिथे टोनी आणि हॉवर्ड फायनलला पोचले. समोर कोण? चंद्रा विजया आणि सिगित बुदियार्तो.

कथालेखकाने असं रचलं असतं तर आपण म्हटलं असतं, फारच जुळवून आणलंय. एका बाजूला ज्याच्या बंदीमुळे टोनीला संधी मिळाली तो सिगित. त्याच्या शेजारी ज्याच्याबरोबर टोनीने ऑलिंपिक जिंकलं तो चंद्रा. दोघेही टोनीचे जुने संघसोबती, आणि २००३ ची ऑल इंग्लंड जिंकलेले. आणि या बाजूला टोनी, छातीवर अमेरिकेचं नाव, खिशात इंडोनेशियाचा पासपोर्ट. १५-११, १०-१५, १५-११. टोनी आणि हॉवर्ड जिंकले. अमेरिकेचं जागतिक स्पर्धेतलं पहिलं पदक, आणि तेच सुवर्ण.

त्याच स्पर्धेत इंडोनेशियाच्या तौफिक हिदायतने पुरुष एकेरी जिंकली, नोवा विदियांतो आणि लिलियाना नात्सिर यांनी मिश्र दुहेरी. म्हणजे त्या दिवशी इंडोनेशियाच्या हातून जे एक सुवर्ण गेलं, ते त्यांनीच घडवलेल्या माणसाने नेलं.

आता श्रेयाच्या प्रश्नाकडे येऊ. मोठी विजेतेपदं तीन आणि जोडीदारही तीन: चंद्रा, हलीम, हॉवर्ड. सरळ हिशेब असा दिसतो की तिन्हींमध्ये समान काय, तर टोनी. म्हणजे खरा टोनीच. अनेक जाणकार त्याला दुहेरीतल्या सर्वकालीन श्रेष्ठांमध्ये धरतात ते काही उगाच नाही.

पण हा हिशेब मला पूर्ण पटत नाही. चंद्रा टोनीच्या आधीच सिगितबरोबर विश्वविजेता झाला होता, आणि टोनीनंतर ऑल इंग्लंडही जिंकला. म्हणजे तोही 'समान' निघतो. आणि हॉवर्ड? २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला टोनी पुन्हा नव्हता, नागरिकत्व अजून झालंच नव्हतं. हॉवर्ड बॉब मलायथाँगला घेऊन खेळला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. टोनीशिवाय. तो नुसता टोनीच्या शेजारी उभा राहणारा भाग्यवान नव्हता.

आणखी एक गोष्ट. अनाहाइमच्या फायनलमध्ये चंद्रा आणि सिगितला टोनीचा खेळ पाठ होता, टोनीला त्यांचा. कोण कुठे ड्रॉप टाकणार, दडपणाखाली कोण क्रॉस मारणार, हे तिघांनाही वर्षानुवर्षं माहीत. कोर्टावर नवा माणूस एकच होता, हॉवर्ड. अशा सामन्यात साहजिकच शटल त्याच्याकडे जास्त जातं, कमजोर कडी समजून. ज्याच्याकडे शटल जास्त येतं त्याने ते परत टाकल्याशिवाय कुणी जिंकत नाही. टोनी कितीही मोठा असला तरी हॉवर्डकडे आलेलं शटल हॉवर्डलाच मारायचं होतं.

डबल्समध्ये कोर्ट ६.१० मीटर रुंद असतं, सिंगल्सपेक्षा एक मीटरही जास्त नाही. माणसं मात्र दुप्पट. त्यामुळे हल्ला करताना एक पुढे एक मागे, बचाव करताना दोघे शेजारी शेजारी, आणि हे बदलायला सेकंदाचाही वेळ नसतो. आपण 'घे', 'माझा', 'सोड' असं ओरडतो आणि तरी शटल दोघांच्या मधोमध पडतं. मग दोघेही एकमेकांकडे बघतात. त्या पातळीवर ओरडायला वेळच नसतो. जोडीदार आता काय मारणार हे त्याच्या खांद्यावरून ओळखून तुम्ही आधीच निघालेले असता. टोनीचा स्मॅश जबरदस्त होताच, नेटजवळचा हातही विलक्षण होता. पण मला त्याचा खरा गुण वाटतो तो हा, की कुणाच्याही शेजारी उभं केलं तरी त्याच्या हालचालींची भाषा तो शिकून घ्यायचा. एकदा शिकणं सोपं, तीनदा नव्याने शिकणं कठीण. लग्नाची उपमा वर दिलीच आहे, जास्त ताणत नाही!

२००६ साली तर आणखी मजा झाली. जपान ओपनला टोनी पुन्हा चंद्राबरोबर उतरला. ओपन स्पर्धांमध्ये दोन देशांचे खेळाडू जोडी करू शकतात. एकाच्या नावापुढे अमेरिका, दुसऱ्याच्या नावापुढे इंडोनेशिया, आणि विजेते तेच. आदल्या वर्षी जागतिक फायनलमध्ये एकमेकांसमोर उभे राहिलेले दोघे एका बाजूला. कडवटपणा असता तर हे झालं नसतं.

अमेरिकेचं नागरिकत्व टोनीला मिळालं २०११ मध्ये. मग २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला टोनी आणि हॉवर्ड शेवटी एकत्र गेले. टोनी सदतीस, हॉवर्ड तेहतीस. गटातले सामने ते हरले आणि टोनीची स्पर्धात्मक कारकीर्द तिथेच संपली. बारा वर्षांच्या अंतराने दोन ऑलिंपिक, दोन देश, आणि मधली दोन ऑलिंपिक नुसतीच गेलेली. घर बदलायची ही किंमत. अथेन्स आणि बीजिंगला तो खेळला असता तर काय झालं असतं, याचा विचार करून हळहळायला आपल्याला आवडतं. पण इंडोनेशियात राहिला असता तर हॉवर्ड बाख विश्वविजेता झाला नसता, हेही तितकंच खरं.

आणि ही गोष्ट टोनीपुरती नाही. डबल्सची विद्या जगभर पसरली ती अशीच, माणसांच्या पायांनी. रेक्सी मैनाकी इंग्लंडला शिकवायला गेला, नंतर मलेशियाला. कोरियाचा पार्क जू-बाँग २००४ मध्ये जपानला गेला, दोन दशकं राहिला, आणि जपानच्या मुलींनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. मलेशियाचा टॅन किम हर भारतात आला आणि आंध्रातल्या सात्त्विकला मुंबईच्या चिराग शेट्टीशेजारी उभं करायचं त्याने ठरवलं. दोघेही मागच्या कोर्टवरून तोफा डागणारे, कुणाला वाटलं असतं ही जोडी जमेल? मे २०२२ मध्ये बँकॉकला भारताने थॉमस कप जिंकला तेव्हा फायनलला समोर इंडोनेशिया होता, आणि या दोघांनी आपला सामना जिंकला होता.

ज्या खेळाचे नियम १८७० च्या दशकात पुण्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधले, आणि ज्याला काही काळ 'पूना' असंच नाव होतं, त्या खेळातलं डबल्स शिकायला आपल्याला मलेशियातून माणूस आणावा लागला. यात कमीपणा काही नाही. आपण सिंगल्सची परंपरा सांभाळली, त्यांनी डबल्सची. आणि ही परंपरा पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. ती एका खांद्याने दुसऱ्या खांद्याला शिकवावी लागते.

विक्रमांच्या यादीत टोनीचं नाव शोधलंत तर ते कधीच एकटं सापडणार नाही. नेहमी एक तिरकी रेघ आणि पलीकडे दुसरं नाव. २००० ला चंद्रा, २००१ ला हलीम, २००५ ला हॉवर्ड. देशांच्या तक्त्यात तर तो दोन वेगवेगळ्या ओळींत विभागला गेलाय. कुणी एकाने 'हा आमचा' म्हणून पूर्ण घ्यावा असा तो नाही. मला वाटतं डबल्सवाल्याला हे खटकत नसावं. अर्ध्या श्रेयावर खूश राहता आलं नसतं तर तो डबल्सवाला झालाच नसता.

जुन्या सामन्यांचे व्हिडिओ बघायची आवड असेल तर अनाहाइमची फायनल शोधून बघा. फक्त एक करा. शटल मारणाऱ्याकडे बघू नका, त्या क्षणी शटल न मारणारा कुठे चाललाय ते बघा. पहिली दहा मिनिटं कंटाळा येईल, नजर सारखी शटलकडे पळेल. मग हळूहळू दिसायला लागेल. आणि पुढच्या वेळी सोसायटीच्या हॉलमध्ये खेळायला गेलात की जोडीदारावर ओरडण्याआधी आपण कुठे उभे आहोत हे एकदा बघावंसं वाटेल. तेवढं झालं तरी पुष्कळ!